चाचणी हिंदीत, सासूबाई मराठी: डिमेन्शियाविषयी इंदूरकरांचे प्रश्न

२१ सप्टेंबर हा जागतिक अल्झायमर दिन. त्या निमित्ताने स्मृतिभ्रंशावर, म्हणजे डिमेन्शियावर (अल्झायमर हा त्याचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार), प्रश्न मागवले होते. या अंकात फक्त इंदूरची पत्रे घेतली आहेत, कारण त्यांत एक अडचण पुन्हा पुन्हा दिसते. घरात मराठी, दवाखान्यात हिंदी, आणि या दोन्हींच्या मध्ये म्हाताऱ्या माणसाची तपासणी एक तर चुकते नाहीतर लांबणीवर पडते. वाचकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न (सुदामा नगर): सासूबाई ७४ वर्षांच्या. माहेर सातारा जिल्ह्यातले, शिक्षण मराठी चौथीपर्यंत. इंदूरला येऊन ५० वर्षे झाली, बाजारहाटापुरती हिंदी छान बोलतात. हल्ली नावे पटकन आठवत नाहीत म्हणून दाखवायला नेले, तर हिंदीतून प्रश्न विचारले आणि ३० पैकी १८ गुण दिले. कागदावर ‘डिमेन्शिया?’ असे लिहिले आहे. घरात स्वयंपाक, स्वतःची औषधे, भिशीचा हिशेब सगळे त्याच बघतात. हे खरे मानायचे का?

उत्तर: नुसत्या या आकड्यावर डिमेन्शिया ठरत नाही. पण तो कागद फाडूनही टाकू नका. १८ गुण का आले, हे आधी शोधायला हवे.

३० गुणांच्या या चाचण्यांत स्मरणशक्ती हा फक्त एक भाग असतो. बाकीचे गुण तारीख-वार-ठिकाण, आकडेमोड, ऐकलेले वाक्य जसेच्या तसे म्हणणे, वाचून कृती करणे, एक वाक्य लिहिणे, आकृती बघून काढणे यांना असतात. म्हणजे स्मरणशक्तीबरोबर शाळा आणि भाषाही मोजली जाते. चौथी शिकलेल्या बाईंना शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितले की पाच गुण तिथेच धोक्यात येतात. हातात वर्षानुवर्षे पेन्सिल धरलेली नसेल तर एकमेकांत अडकलेले पंचकोन वाकडेच येणार.

त्यातही इंदूरमध्ये एक खास गफलत होते. ‘महिना कोणता?’ या प्रश्नाला आपल्याकडच्या बऱ्याच आज्या इंग्रजी महिना न सांगता मराठी महिना सांगतात. आपले पंचांग अमान्त (महिना अमावास्येला संपणारे), हिंदी भाषकांचे पौर्णिमान्त (पौर्णिमेला संपणारे). शुक्ल पक्षात दोघांचा महिना एकच असतो, पण वद्य पक्ष लागला की त्यांचा महिना एकाने पुढे जातो. जन्माष्टमी आपल्या कालनिर्णयात श्रावण वद्य अष्टमी, तर शेजारच्या घरी तीच भाद्रपद कृष्ण अष्टमी. त्या पंधरवड्यात आजींनी ‘श्रावण’ म्हटले आणि विचारणाऱ्याच्या डोक्यात ‘भादों’ असला, तर बरोबर उत्तराला शून्य मिळते. तपासणारा वाईट नसतो, त्याला हे ठाऊक नसते एवढेच. तुम्ही ते सांगायला हवे.

ही अडचण जुनी आहे. हरियाणातल्या बल्लभगढ भागात निरक्षर वृद्धांची तपासणी करायची वेळ आली तेव्हा मूळ इंग्रजी चाचणी तिथे लागू पडेना. म्हणून तिचे हिंदी रूप नव्याने बेतावे लागले आणि ते १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. भाषांतराने भागले नाही, प्रश्नच त्या लोकांच्या जगण्यातले घ्यावे लागले. ग्रामीण हिंदी भाषकांसाठी जे करावे लागले, ते मराठी बोलणाऱ्या सासूबाईंसाठी आपोआप झालेले असेल असे धरून चालू नका.

आता पुढे काय करायचे ते सांगतो. डॉक्टरांकडे मराठीतून चाचणीची विनंती करा. ‘मोका’ नावाच्या ३० गुणांच्या चाचणीचा मराठी नमुना आहे. तिच्यात १२ वर्षे किंवा त्याहून कमी शिक्षण असेल तर एक गुण वाढवून देतात, पण चौथीपर्यंतच्या शिक्षणाला एक गुण पुरत नाही, हे ध्यानात ठेवा. कमी शिकलेल्यांसाठी ‘मोका’चे वेगळे सोपे रूप आहे, ते मागा. शिक्षण आणि मातृभाषा कागदावर गुणांच्या शेजारीच लिहून घ्या. चष्मा आणि कानाचे यंत्र बरोबर न्या. न ऐकू आलेला शब्द कुणालाच आठवत नाही. तीच चाचणी लगेच पुन्हा घेतली तर प्रश्न ओळखीचे झाल्यामुळे गुण वाढतात, म्हणून दुसरा नमुना वापरावा किंवा मध्ये काही महिने जाऊ द्यावेत.

मराठी येणारे कुणीच नसेल आणि तुम्हालाच दुभाष्याचे काम करावे लागले, तर प्रश्न तंतोतंत आणि एकदाच सांगा. इथे घरची माणसे हमखास चुकतात. ‘अहो आई, आठवा ना, पिवळं असतं’ असे सुचवतात, ओठ हलवून दाखवतात, नाहीतर उत्तर चुकले की चेहरा पाडतात. सासूबाईंनी मराठीत सुरुवात करून मध्येच हिंदी शब्द वापरला तर तो पूर्ण धरावा. मिनिटभरात प्राण्यांची नावे सांगताना ‘मांजर’ आणि ‘बिल्ली’ हे मात्र एकच.

गुणांपेक्षाही वजन असते ते रोजच्या कामांना. डिमेन्शिया म्हणायला विचारशक्तीत घसरण दिसावी लागते आणि तिच्यामुळे आधी स्वतः होणारी कामे अडावी लागतात. सासूबाई भिशीचा हिशेब खरोखर एकट्याने करतात का, की मैत्रीण शेजारी बसून आकडे सांगते? औषधे स्वतः काढतात, की नातू डबी भरून ठेवतो? घरातली माणसे न कळत अशी पोकळी भरत असतात. ते तपासून डॉक्टरांना सांगा. आणि एक खूण तुमच्यासारख्या घरांनी जरूर बघावी. बऱ्याच जणांत नंतर शिकलेली भाषा आधी निसटते. भाजीवाल्याशी फडाफडा हिंदी बोलणारी बाई त्याच्याशीही मराठीतच बोलू लागली, किंवा हिंदी शेजारणीकडे जायचे टाळू लागली, तर ते लिहून ठेवा.

प्रश्न (राजेंद्र नगर): बाबा ७१ वर्षांचे. मिल बंद पडल्यावर त्यांनी किराणा दुकान काढले. आता गल्ल्यावर बसले की सुट्टे पैसे देताना गोंधळतात, तेच तेच विचारतात. घरात सगळे म्हणतात, ‘वय झालं की होतंच.’ खरंच का?

उत्तर: नाही, होतंच असे नाही. भारतातल्या ६० वर्षांवरील लोकांच्या मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. त्यांत डिमेन्शियाचे प्रमाण ७.४ टक्के निघाले, म्हणजे देशभरात सुमारे ८८ लाख माणसे. साठीच्या पुढच्या शंभरांतल्या ९२-९३ जणांना तो नाही. वयाबरोबर धोका वाढतो, पण गल्ल्यावरचा हिशेब चुकू लागणे हा वयाचा नियम नाही.

साध्या विसरण्यात माणसाला नाव आठवत नाही आणि तासाभराने आठवते. किल्ली कुठे ठेवली ते आठवत नाही, पण मागचा माग काढून ती सापडते. आजारात विसरल्याचेच भान राहत नाही. दहा मिनिटांपूर्वी विचारलेला प्रश्न त्याच शब्दांत पुन्हा येतो. किल्ली डाळीच्या डब्यात सापडते आणि चोरीचा आळ कामवालीवर जातो. दुसरी गोष्ट म्हणजे क्रम हरवतो. आयुष्यभर पुरणपोळी केलेली आजी डाळ शिजल्यावर कट काढायचा विसरते, मग पुरण सैल झाले की पुढे काय करायचे ते सुचत नाही. तुमच्या बाबांनी हजारो वेळा पाचशेची नोट मोडून दिली असेल. तिथे अडखळणे म्हणजे हातात बसलेले काम सुटणे आहे, आणि त्याची दखल आत्ताच घ्यायला हवी.

काही जणांत विसरणे नंतर येते, आधी स्वभाव बदलतो. मितभाषी माणूस परक्यांसमोर अचकट विचकट बोलू लागतो, गोड पदार्थांवर तुटून पडतो, घरातल्या कुणाच्या दुखण्याचे त्याला काही वाटत नाही. काहींना नसलेली माणसे, मुले, प्राणी स्पष्ट दिसतात, अंग ताठ होते, चाल मंदावते. अशा रुग्णांना शांत करण्यासाठी दिलेली काही औषधे, हॅलोपेरिडॉलसारखी, फार महागात पडू शकतात. म्हणून ‘माणसे दिसतात’ ही गोष्ट लाजेखातर लपवू नका.

चार आठवडे एक वही ठेवा. तारीख, काय घडले, दहा वर्षांपूर्वी हेच काम कसे होत असे, एवढे तीन रकाने पुरेत. ‘विसरतात’ असे लिहू नका. ‘मंगळवारी १४० रुपयांच्या बिलाला दोनशेच्या नोटेचे ९० परत दिले’ असे लिहा. डॉक्टरांना दहा मिनिटे मिळतात, त्यांत ही वही सगळ्यात जास्त उपयोगी पडते. नोंदी करताना बाबांच्या समोर वही काढू नका.

प्रश्न (तिलक नगर): मामी ७८ वर्षांच्या. परवापर्यंत ठणठणीत होत्या. दोन दिवस झाले, रात्री घरच्यांना ओळखत नाहीत, कपडे ओढतात, दिवसा झोपून असतात. हा डिमेन्शियाच ना?

उत्तर: नाही, हा डिलिरियम, म्हणजे अचानक आलेली भ्रमावस्था, वाटतो, आणि आजच दवाखान्यात न्या. डिमेन्शिया महिन्या-वर्षांनी वाढतो. तासा-दिवसांत आलेल्या गोंधळामागे बहुधा लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, रक्तातले सोडियम घसरणे, लघवी तुंबणे, नवे औषध, नाहीतर डोक्याला लागलेला मार असतो. घरात किरकोळ पडल्यावर डोक्यात हळूहळू साचलेले रक्त काही आठवड्यांनीही त्रास देते, विशेषतः रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर. जाताना सगळ्या गोळ्या पिशवीत घाला. घरातली झोपेची गोळी देऊन शांत करू नका. तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे, एका बाजूचा हात-पाय गळणे यांतले काहीही अचानक दिसले तर १०८ ला फोन करा, कारण तो पक्षाघात असू शकतो आणि मेंदूतली गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनसाठी जेमतेम साडेचार तास मिळतात. स्मरणशक्तीची चाचणी मामी पूर्ण बऱ्या झाल्यावर काही आठवड्यांनी करावी. या अवस्थेत घेतलेल्या गुणांना अर्थ नाही.

प्रश्न (लोकमान्य नगर): आईसाठी एमआरआय सांगितला आहे. तो केला की निदान होईल ना? मग एवढ्या रक्ततपासण्या कशाला?

उत्तर: उलट आहे. निदान मुख्यतः हकीकत आणि चाचणी यांवरून होते. एमआरआय किंवा सीटी स्कॅन लागतो तो गाठ, रक्तस्राव, जुने झटके, मेंदूत साठलेले पाणी हे वगळण्यासाठी. ‘वयानुरूप मेंदू आकसला आहे’ असा शेरा बघून घरचे हाय खातात. तो शेरा पुष्कळ निरोगी वृद्धांच्या अहवालात असतो. ‘नॉर्मल’ लिहिले तर उलट चूक होते, आजार नाहीच असे समजून दोन वर्षे वाया जातात. सुरुवातीच्या आजारात स्कॅन चांगला दिसू शकतो.

रक्ततपासण्या यासाठी, की काही कारणे दुरुस्त होणारी असतात. हिमोग्राम, साखर, सोडियम-पोटॅशियम, कॅल्शियम, क्रिएटिनिन, यकृताच्या तपासण्या, थायरॉइडसाठी टीएसएच आणि बी-१२. आपल्या शाकाहारी घरांत बी-१२ कमी असणे सर्रास आढळते, आणि मधुमेहाचे मेटफॉर्मिन किंवा रोजची ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षे चालू असेल तर ते आणखी घसरते. इथे हमखास चूक होते ती अशी: ओळखीचा औषधवाला आधीच बी-१२ चे इंजेक्शन टोचून देतो, मग रक्तात आकडा भरपूर दिसतो आणि मूळ कमतरता कळतच नाही. आधी रक्त द्या, मग इंजेक्शन.

सगळ्या गोळ्यांची पिशवी इथेही न्या, आयुर्वेदिक आणि दुकानातून परस्पर आणलेल्या धरून. सर्दीच्या गोळीतले क्लोरफेनिरामिन, दुखण्यासाठी किंवा झोपेसाठीचे ॲमिट्रिप्टिलिन, कंपासाठीचे ट्रायहेक्सिफेनिडिल, वारंवार लघवीसाठीचे ऑक्सिब्युटिनिन आणि चिंता-झोपेसाठीचे अल्प्राझोलम ही वृद्धांची स्मरणशक्ती बिघडवणारी ओळखीची औषधे. स्वतःच्या मनाने बंद करू नका. अल्प्राझोलम एकाएकी थांबवले तर फिट येऊ शकते.

चाल पाय चिकटल्यासारखी, लघवीवर ताबा नाही आणि विसरणे, हे तिन्ही एकत्र असेल तर ते ठळकपणे सांगा. मेंदूतले पाणी काढून यातल्या काहींना बरे वाटते. ऐकू कमी येणे आणि नैराश्य यांचीही तपासणी करून घ्या. नैराश्यात माणूस ‘मला काही आठवत नाही’ असे स्वतःहून म्हणतो, डिमेन्शियात बहुधा घरचे म्हणतात.

अल्झायमर निघाला तर डोनेपेझिल सहसा ५ मिलिग्रॅमने सुरू करून चार ते सहा आठवड्यांनी १० करतात. त्याने आजार थांबत नाही, काहींना काही काळ कामे सावरता येतात. नाडी मंद असेल तर आधी ईसीजी हवा. ‘स्मरणशक्तीचे टॉनिक’ म्हणून जे विकतात त्यावरचे पैसे वाचवा.

सुरुवात सरकारी एम. वाय. हॉस्पिटलच्या बाह्यरुग्ण विभागात करता येते. ७० वर्षांवरील सर्वांना २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान योजनेत वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, उत्पन्नाची अट नाही. पण ते भरती झाल्यावरच्या उपचारांसाठी. बाह्यरुग्ण तपासण्यांचा खर्च त्यात धरून चालू नका.

प्रश्न (वैशाली नगर): आमचे अण्णा म्हणतात, ‘मला काही झालेलं नाही, वेडा ठरवायला निघालात.’ डॉक्टरांकडे न्यायचे कसे?

उत्तर: ‘मेंदूचा डॉक्टर’, ‘टेस्ट’ हे शब्द काढू नका. खोटेही बोलू नका, कारण एकदा फसवल्याचे लक्षात आले की पुढची सगळी दारे बंद होतात. रक्तदाब, साखर, डोळे, कान यांची वार्षिक तपासणी हे खरे कारण आहे आणि तिच्यातच स्मरणशक्ती येते. नेहमीचे फॅमिली डॉक्टर असतील तर दोन दिवस आधी त्यांना वर सांगितली तशी नोंदींची वही पोचवा. सकाळची वेळ घ्या, नाश्ता झाल्यावर. बरोबर एकच माणूस जा, आणि तो अण्णांचे ऐकणारा असू द्या, मग जावई असो की जुना ऑफिसातला मित्र. डॉक्टरांसमोर त्यांच्या चुका मोजू नका.

तुम्हालाच आधी कुणाशी बोलायचे असेल तर टेली-मानस १४४१६ वर फोन करा. तिथे भाषा निवडता येते. ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन १४५६७ आहे.

दोन पत्रे एकाच विषयावर. राजेंद्र नगरातले एक महिला मंडळ लिहिते: गणपतीच्या दहा दिवसांत एक दिवस ‘स्मृती तपासणी शिबिर’ ठेवायचे आहे, किमान दोनशे ज्येष्ठ यावेत असा प्रयत्न आहे. मुस्लिमबहुल खजरान्यात काम करणारी मराठी परिचारिका विचारते: आमच्या मोहल्ल्यातल्या बुजुर्ग बायका तपासणीला येतच नाहीत, काय करू?

उत्तर: आधी मंडळाला. तुमची तळमळ कळते, पण दोनशेचे शिबिर करू नका आणि मांडवात तर मुळीच करू नका.

हिशेब बघा. साठीवरचे शंभर जण आले, त्यांत ७ जणांना आजार आहे असे धरू. चाचणी शंभरातल्या ८० रुग्णांना पकडते आणि शंभरातल्या ८० निरोगींना बरोबर सोडते, असेही धरू. ७ पैकी ६ सापडतील, पण उरलेल्या ९३ पैकी १९ जणांवर उगाच शंकेचा शिक्का बसेल. म्हणजे २५ जण घाबरून घरी जातील आणि आजारी त्यांत ६ असतील. म्हणूनच काही तक्रार नसलेल्या सगळ्या ज्येष्ठांना सरसकट चाळायला पुरेसा आधार नाही, असे अमेरिकेच्या प्रतिबंधक आरोग्यसेवा कार्यदलाने २०२० मध्ये म्हटले. ज्यांच्या घरच्यांना काही खटकते आहे, अशांनाच बोलवा. मग तीच चाचणी कितीतरी जास्त कामाची ठरते.

गणपतीत तासाभराचे माहितीपर भाषण ठेवा, मराठीत, आणि शेवटी चिठ्ठ्यांवर नाव व फोन घ्या. तपासणी नंतर. अनंत चतुर्दशीनंतर लगेच पितृपंधरवडा आणि मग नवरात्र, तेव्हा कोजागिरीनंतरचा एखादा रविवार बरा. सकाळी १० ते साडेबारा. एका माणसाला २५ मिनिटे लागतात, म्हणजे एक कार्यकर्ती या वेळात सहा जण करते. पाच कार्यकर्त्या असतील तर तीस जण, त्याहून जास्त नाही. शाळेच्या वर्गखोल्या मिळाल्या तर उत्तम, कारण एका खोलीत एकच टेबल हवे. शेजारच्या टेबलावरचे तीन शब्द ऐकू आले की चाचणी फुकट जाते.

दारात आधी रक्तदाब, साखर, चष्मा-यंत्र आणि रात्रीची झोप विचारा. मधुमेही उपाशीपोटी आले तर साखर उतरून गोंधळतात, त्यांना आधी पोहे द्या आणि थोडे थांबा. शिक्षण आणि बोलायची भाषा फॉर्मच्या वरच्याच ओळीत लिहा. मग घरच्या माणसाला वेगळे बसवून आठ प्रश्नांची ‘एडी-८’ यादी भरून घ्या. निर्णय घेण्यात बदल, छंदातला रस जाणे, तेच ते सांगणे, नवे यंत्र शिकायला जड जाणे, महिना-वर्ष विसरणे, पैशांचे व्यवहार, भेटीगाठी विसरणे, रोजच विचारात गोंधळ. ‘पूर्वीपेक्षा बदल झाला आहे’ असे दोन किंवा जास्त ठिकाणी आले तर पुढे पाठवायचे. ही यादी शिक्षणावर फारशी अवलंबून नाही, म्हणून आपल्यासारख्यांना सोयीची. सून आणि सासू समोरासमोर बसवून ती कधीच भरू नका.

ज्येष्ठांसाठी ‘मिनी-कॉग’ पुरते: तीन शब्द ऐकवून परत म्हणवून घ्यायचे, मग घड्याळ काढून त्यात अकरा वाजून दहा मिनिटे दाखवायला सांगायचे, मग ते शब्द विचारायचे. शब्दांना तीन आणि घड्याळाला दोन असे पाच गुण, तीनपेक्षा कमी आले तर पुढची तपासणी. ज्यांनी कधी पेन्सिल धरली नाही त्यांना घड्याळ काढायला लावू नका, त्यांच्यासाठी आठ प्रश्नांचीच यादी घ्या. ‘मोका’ला प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र लागते, ती डॉक्टरांवर सोडा.

शिबिरात कुणालाही ‘तुम्हाला डिमेन्शिया आहे’ असे सांगायचे नाही. ‘डॉक्टरांनी एकदा सविस्तर बघावे’ एवढेच, तेही बंद पाकिटात आणि घरच्या माणसाजवळ. नावे माइकवर पुकारायची नाहीत, यादी मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकायची नाही. कुणाकडे पाठवायचे ते डॉक्टर शिबिराच्या आधीच ठरलेले हवेत. दोन आठवड्यांनी प्रत्येक पाकिटामागे एक फोन करा: गेलात का, काय अडले, बरोबर कुणी येऊ का? बहुतेक शिबिरे इथे ढिली पडतात, आणि हा फोन होणार नसेल तर तपासणी न केलेली बरी.

आता खजरान्याचे. तुमच्याकडे बायका येत नाहीत, तर कार्यकर्ती घरी गेली पाहिजे, दुपारी, पुरुष कामावर असताना, आणि ती स्त्रीच असावी. जुम्म्याची दुपार सोडा. रमजानात चाचणी नको, कारण रोजा आणि सहरीच्या जागरणाने गुण घसरतात. वाचायचा प्रश्न देवनागरीत ठेवू नका. वाचता येत असेल तर पुष्कळ बुजुर्गांना उर्दू लिपी येते, नाहीतर तो प्रश्न गाळून तसे फॉर्मवर लिहा. महिना विचारला आणि त्या ‘शाबान’ म्हणाल्या तर हिजरी कॅलेंडर उघडून बघा. बोहरा घरांत गुजराती वळणाची त्यांची स्वतःची बोली चालते, तिथे त्यांच्यातलीच कुणी शिकवून तयार करा.

कामांच्या प्रश्नांत नमाज जरूर घ्या. आयुष्यभर पाच वेळा नमाज पढलेली बाई किती रकात (नमाजाची आवर्तने) झाल्या ते विसरू लागली, सलाम फेरून म्हणजे नमाज संपवून पुन्हा सुरुवात करू लागली, तर सुनेच्या ते आधी लक्षात येते. ‘अम्मी भुलक्कड झाल्या का?’ असे विचारले तर ती नाही म्हणेल. ‘नमाजमध्ये अम्मींना पूर्वीसारखं ध्यानात राहतं का?’ असे विचारले तर सांगेल. ‘साया’ (बाधा), ‘नजर’ असे कुणी म्हणाले तर वाद घालू नका. दुआ चालू राहू दे, बरोबर रक्त तपासू, असे म्हणा. मशिदीच्या इमामांना भेटून, हा आजार आहे आणि यात लाज नाही, एवढे दोन शब्द जुम्म्याला बोलायला सांगा. ते तुमच्या पत्रकांपेक्षा लांब पोचतात.

प्रश्न (स्नेह नगर): आईला सुरुवातीचा अल्झायमर आहे. बँकेसाठी मुखत्यारपत्र केले की निश्चिंत ना?

उत्तर: नाही. करार कायदा, १८७२ च्या कलम २०१ प्रमाणे मुखत्यारपत्र देणाऱ्याची समज गेली की ते संपते, म्हणजे नेमकी गरज पडते तेव्हाच ते निरुपयोगी. आईंना आज समजते आहे तोवरच खाते ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असणारा’ या पद्धतीने जोडून घ्या, सर्व ठेवींवर नामनिर्देशन तपासा, मृत्युपत्र करायचे असेल तर त्या दिवशीचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र त्याला जोडा. उपचारांबाबत आपल्या वतीने कोणी बोलावे, हे त्या मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ खाली आत्ताच लिहून देऊ शकतात. हे राहून गेले तर पालकत्वासाठी उच्च न्यायालयात जावे लागते. खंडपीठ इंदुरातच आहे, पण वेळ आणि खर्च दोन्ही लागतात.

केंद्र सरकारची पेन्शन असेल तर हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यावा लागतो, ८० च्या पुढच्यांना १ ऑक्टोबरपासून देता येतो. आईंना बँकेच्या रांगेत उभे करू नका. पोस्ट पेमेंट्स बँकेचा पोस्टमन घरी येऊन जीवन प्रमाण (हयातीचा डिजिटल दाखला) करून देतो, त्याला थोडे शुल्क असते. वयोमानाने बोटांचे ठसे उमटत नसतील तर चेहऱ्यावरून ओळख पटवणारे ॲप फोनवर चालते. खिडकीकडे तोंड करून बसवा, आणि आधारशी जोडलेला मोबाइल क्रमांक अजून चालू आहे ना, ते ऑक्टोबरातच बघून ठेवा.